फायटरचा मार कमी पडतो ही तक्रार परत परत येत असेल, तर तलवार बदलण्याआधी हे तपासा

"ताई, मला दुसरी तलवार दे ना. हिच्यात काही दम नाही."

गेल्या दीड वर्षात हे वाक्य मी निदान चार वेळा ऐकलं. बोलणारा माझा मावसभाऊ, आमच्या टेबलावरचा फायटर. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ च्या नियमांनी, आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मी आहे. दर वेळी मी काहीतरी करायचे, महिनाभर शांतता असायची, आणि मग तेच वाक्य परत. शेवटी वही घेऊन बसले आणि एकेक गोष्ट तपासत गेले. कारण एक नव्हतं, तीन-चार होती, आणि सगळ्यात मोठं कारण शस्त्रात नव्हतंच. तुमच्याही टेबलावर कोणी असं म्हणत असेल तर मी ज्या क्रमाने तपासलं तो क्रम इथे लिहिते. माझ्यासारखे चार-पाच महिने फुकट घालवू नका.

आमचं टेबल असं: फायटर (लढवय्या), पॅलाडिन (धर्मयोद्धा), वॉरलॉक (जादू करणारी) आणि रोग. (रोग या क्लासला आम्ही सरळ 'चोर' म्हणतो. मराठी वाक्यात 'रोग' म्हटलं की आजारच वाटतो. पुढेही चोरच लिहीन.) तक्रार सुरू झाली तेव्हा सगळे पाचव्या लेव्हलवर होते.

लक्षण नेमकं काय होतं

ज्या दिवशी तक्रार पहिल्यांदा आली ती लढाई मला नीट आठवते. समोर एक ओगर. आर्मर क्लास (वार लागायला फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) ११, हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) ५९. पॅलाडिनची पाळी पहिली आली. तिचे दोन्ही वार लागले आणि दोन्हींवर तिने दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट (जादूच्या मोजक्या साठ्यातला एक) जाळून डिव्हाइन स्माइट (वाराला जोडलेला दैवी मार) लावला. एका वाराचे साधारण २४, दोन वारांचे मिळून ४८. उरलेले ११ वॉरलॉकने पुढच्याच पाळीला एका किरणात काढले. ओगर आडवा. फायटरची पाळी आलीच नाही. तो बोरिवलीहून दादरला गाडी बदलून परळला आला होता, आणि त्या संध्याकाळच्या एकुलत्या एका लढाईत त्याने फासा हातातही घेतला नव्हता.

तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं आणि मी जो उपाय केला तो बहुतेक डीएम करतात: पुढच्या खजिन्यात अधिक एकची (वाराच्या फाशात आणि नुकसानात एक-एक वाढवणारी) जादुई तलवार ठेवली. महिन्याभराने तक्रार परत आली, आणि आता पॅलाडिनही विचारायला लागली की मला कधी मिळणार. म्हणून सांगते, जादुई शस्त्र देणं हा पहिला उपाय ठेवू नका. ते दिलं की परत घेता येत नाही.

आधी मोजायचं कसं ते ठरवा

'जास्त लागतं', 'कमी लागतं' हे अंदाजाने बोललं की प्रत्येकाला दुसऱ्याचा मोठा फासा आठवतो आणि आपला हुकलेला वार. त्यामुळे सगळ्यांना एकाच मापाने मोजा. मी घेतलेलं माप: पाचवी लेव्हल, मुख्य गुण १८ म्हणजे +४, प्रोफिशियन्सी (लेव्हलनुसार वाढणारा कसबाचा बोनस) +३, म्हणजे वार करताना फाशात +७. समोरच्याचा आर्मर क्लास १५. वीस पैलूंच्या फाशावर ८ किंवा जास्त आले की वार लागतो. वीसपैकी तेरा आकडे, म्हणजे ६५ टक्के. क्रिटिकलचे (फाशावर थेट २० पडण्याचे) ५ टक्के त्यातच येतात, फक्त त्या वेळी शस्त्राचे फासे दुप्पट पडतात.

फायटरची दोन हातांची मोठी तलवार २डी६ (सहा पैलूंचे दोन फासे), सरासरी ७. त्याने ग्रेट वेपन फायटिंग शैली घेतलेली, म्हणजे १ किंवा २ पडला तर तो फासा एकदा परत टाकता येतो, आणि सरासरी ८.३३ होते. त्यात ताकदीचे ४ मिळवले की १२.३३. त्याचे ६५ टक्के, वर क्रिटिकलचे थोडे, म्हणजे एका वाराला साधारण ८.४. पाचव्या लेव्हलला दोन वार. फेरीला १६.९.

याच मापाने बाकीचे: वॉरलॉकचे एल्ड्रिच ब्लास्टचे दोन किरण, अगोनायझिंग ब्लास्टसकट, १२.९. वर हेक्स (लागलेल्या प्रत्येक वाराला १डी६ वाढवणारा शाप) असेल तर १७.८. चोराची रेपियर (बारीक, टोकदार तलवार), स्नीक अटॅकचे (संधी साधून केलेल्या वाराचे जादा) ३डी६ धरून, १३.१. पॅलाडिनची लाँगस्वर्ड आणि ढाल, ड्युएलिंग शैलीसकट, स्माइट न लावता, १४.१.

हे आकडे मांडल्यावर मी थबकले. कागदावर फायटर तर वरच्या दोघांत होता! मग टेबलावर काय होत होतं?

पहिली तपासणी: कागद

मी मावसभावाची कॅरेक्टर शीट मागितली. त्याने पहिल्या लेव्हलला पेन्सिलीने लिहिलेला आकडा तसाच होता: तलवारीसमोर '+५'. तेव्हा ताकद १६ होती आणि प्रोफिशियन्सी +२, म्हणून +५ बरोबर होतं. चौथ्या लेव्हलला ताकद १८ झाली, पाचव्याला प्रोफिशियन्सी +३ झाली. नुकसानाच्या रकान्यात त्याने ३ खोडून ४ केला होता. शेजारच्या रकान्यातला +५ मात्र राहून गेला. वर जादुई तलवार आली तेव्हा त्या पाचाचे सहा केले, पण मुळात तिथे सात हवे होते.

+५ ने आर्मर क्लास १५ ला वार लागण्याचे ५५ टक्के. फेरीला १६.९ ऐवजी १४.४. म्हणजे दर फेरीला अडीच पॉइंट पेन्सिलीच्या एका खुणेत अडकले होते. आणि मी दिलेल्या अधिक एकच्या तलवारीने किती वाढतात? १६.९ चे १९.५. जवळजवळ तेवढेच! मी जादूची तलवार देऊन खोडरबराचं काम केलं होतं.

दुसरं, एक आणि दोनचे फासे परत टाकायचं तो निम्म्या वेळा विसरायचा. +५ ची चूक आणि हे विसरणं, दोन्ही धरलं तर फेरीला १३.६. म्हणजे कागदावरच्या फायटरच्या चार पंचमांशच फायटर टेबलावर खेळत होता.

त्यामुळे आधी प्रत्येकाची शीट घ्या आणि वाराचा आकडा नव्याने मांडा: गुणाचा बोनस अधिक प्रोफिशियन्सी अधिक शस्त्राचा बोनस. पाचवी, नववी, तेरावी आणि सतरावी लेव्हल लागली की प्रोफिशियन्सी वाढते. चुका नेमक्या तिथेच राहतात.

याच बैठकीत कोण कुठल्या पुस्तकातून खेळतंय तेही विचारून घ्या. २०२४ च्या नियमांत डिव्हाइन स्माइट हा बोनस अॅक्शनने (पाळीतल्या छोट्या जादा कृतीने) टाकायचा स्पेल झाला, म्हणजे एका पाळीत एकच. ग्रेट वेपन मास्टर या फीटचा (गुण वाढवण्याऐवजी घेता येणाऱ्या खास कौशल्याचा) जुना 'फाशात पाच कमी, नुकसानात दहा जास्त' हा सौदा गेला. शस्त्रांना मास्टरी आली: मोठ्या तलवारीच्या ग्रेझमुळे वार हुकला तरी ताकदीच्या बोनसाइतकं नुकसान होतं. एकाच टेबलावर एकजण २०१४ चं स्माइट आणि दुसरा २०२४ ची मास्टरी घेऊन बसला असेल, तर तुलना करण्यात अर्थच नाही. एक पुस्तक ठरवा आणि मगच पुढे जा.

दुसरी तपासणी: शस्त्र

आता शस्त्राकडे. इथे मतं फार असतात, पण प्रत्यक्ष फरक छोटे असतात.

मोठी तलवार की मोठी कुऱ्हाड? कुऱ्हाड १डी१२, सरासरी ६.५, म्हणजे तलवारीपेक्षा अर्ध्याने कमी. ग्रेट वेपन फायटिंगसोबत हा फरक पूर्ण एकाचा होतो, ८.३३ विरुद्ध ७.३३, कारण दोन छोट्या फाशांवर एक-दोन जास्त वेळा पडतात आणि परत टाकायची संधी जास्त मिळते. फायटरसाठी मोठी तलवारच. कुऱ्हाड शोभते बार्बेरियनच्या हातात, तीही नवव्या लेव्हलनंतर, जेव्हा ब्रूटल क्रिटिकलला शस्त्राचा एक फासा जास्त मिळतो आणि तो फासा बारा पैलूंचा असावासा वाटतो.

मोठी तलवार की लाँगस्वर्ड आणि ढाल? १६.९ विरुद्ध १४.१. तीनपेक्षाही कमी फरक, आणि ढालीचे आर्मर क्लासमध्ये दोन. ज्याचा फायटर दर लढाईत लोळण घेतो त्याने हा आकडा नीट बघावा. बेशुद्ध पडलेल्या फायटरचा फेरीचा मार शून्य असतो.

ग्रेट वेपन मास्टर या फीटबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण आम्ही दुसरा चुकीचा उपाय इथेच केला. तक्रार दुसऱ्यांदा आली तेव्हा मी मावसभावाला चौथ्या लेव्हलची निवड बदलू दिली: ताकद परत १६ आणि त्याऐवजी ही फीट. फाशात पाच कमी घ्यायचे, लागला तर नुकसानात दहा जास्त. ऐकायला सुरेखच. पण ताकद १६ असताना वाराचा आकडा +६, त्यातून पाच गेले की +१. आर्मर क्लास १५ ला आता १४ पडायला हवेत. ३५ टक्के. फेरीला १५.८, म्हणजे नुसत्या ताकद १८ च्या १६.९ पेक्षा कमीच. आर्मर क्लास १८ चा कवचधारी समोर आला तर ९.४ विरुद्ध १३.२, सरळ तोटा. उलट ओगरसारखा ११ वाला आला तर २४.३ विरुद्ध २१.८, फायदा. म्हणजे ही फीट वाईट नाही, ती प्रत्येक वाराला वापरणं वाईट आहे. मऊ शत्रूवर, किंवा अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा) मिळालेला असताना वापरा. बार्बेरियनला रेकलेस अटॅकमुळे अॅडव्हांटेज हवं तेव्हा घेता येतं, म्हणून त्याच्या हातात ती खुलते. आमचा फायटर मात्र 'दहा जास्त' या शब्दांवर इतका खूश होता की चिलखतातल्या शिपायांवरही तेच करत राहिला आणि तीन रविवार हवेत तलवार फिरवली.

चोराचं गणित वेगळं आहे आणि मला ते फार आवडतं. त्याच्या नुकसानाचा मोठा हिस्सा स्नीक अटॅकमध्ये असतो, आणि तो एका पाळीत एकदाच. त्यामुळे शस्त्राचा फासा मोठा असण्यापेक्षा एक तरी वार लागणं महत्त्वाचं. रेपियरचा एकच वार: ६५ टक्के. दोन शॉर्टस्वर्डचे दोन वार: त्यातला एक तरी लागण्याची शक्यता जवळपास ८८ टक्के. म्हणून रेपियरचे १३.१ आणि दोन छोट्या तलवारींचे १७.४. त्याची किंमत बोनस अॅक्शन, म्हणजे त्या पाळीत मारून सटकता येत नाही. आणि स्नीक अटॅक लागलाच नाही तर रेपियरचे उरतात पावणेसहा. चोर 'माझा मार लागतच नाही' म्हणाला की शस्त्राकडे बघू नका, तो उभा कुठे आहे ते बघा. ज्याला मारायचंय त्याच्या पाच फुटांत आपला कोणी शुद्धीवर असलेला साथीदार हवा, किंवा अॅडव्हांटेज. फायटर आणि चोर दोन वेगळ्या शत्रूंवर गेले की दोघांचंही नुकसान.

आणि शेवटची गोष्ट, नुकसानाचा प्रकार. सांगाड्याचे हिट पॉइंट १३, आणि त्याला ठोकण्याच्या माराचं दुप्पट लागतं. मोठ्या तलवारीचा वार लागला तरी सांगाडा एका फटक्यात पडण्याची शक्यता निम्मीच, कारण सरासरी १२.३३ आणि हवेत तेरा. तेच २डी६ पण मोठ्या घणाचे असले तर दोन्ही फाशांवर एक पडल्याशिवाय सांगाडा वाचत नाही. घणाची किंमत १० सुवर्णमुद्रा, मोठ्या तलवारीची ५०. इतकं स्वस्त शस्त्र पाठीला बांधून ठेवायला काय हरकत आहे? 'दुसरी तलवार दे' या मागणीला खरं उत्तर हे होतं, आणि ते गावातल्या लोहाराकडे पहिल्या दिवसापासून टांगलेलं होतं.

तिसरी तपासणी: तुमचा दिवस किती लढायांचा आहे

शीट सुधारली, ताकद परत १८ केली, घण घेतला. आणि तरीही तक्रार पूर्ण गेली नाही. तेव्हा मला खरं कारण दिसलं, आणि ते आमच्या रविवारात होतं.

आम्ही मुंबईत राहतो. पॅलाडिन डोंबिवलीहून येते, वॉरलॉक वाशीहून, फायटर बोरिवलीहून. रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक, कधी पश्चिमेला जम्बो ब्लॉक. ब्लॉक संपून सगळे पोचेपर्यंत चार वाजतात, आणि सोमवारी ऑफिस म्हणून सात-सव्वासातला निघायची घाई. उरले तीन तास. त्यात गप्पा, गावातली चौकशी, आणि एक लढाई. जाताना मी म्हणायचे, "चला, तुम्ही रात्री झोपलात, सगळं भरलं." पुढच्या रविवारी सगळ्यांचे स्लॉट पूर्ण.

म्हणजे आमच्या जगात प्रत्येक दिवसाला एकच लढाई होती. २०१४ चं डंजन मास्टर्स गाइड दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया धरतं. क्लासची सगळी वजनं त्या हिशेबाने तोललेली आहेत. आता बघा काय होतं.

पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट आणि दुसऱ्याचे दोन. सगळे स्माइटमध्ये घातले तर दिवसाचे ६३ पॉइंट. एकच लढाई, तीन फेऱ्यांची, असेल तर तिचे सहापैकी साधारण चार वार लागतात, आणि मोठे स्लॉट आधी वापरून ती त्यात ४५ घालते. मूळ १४.१ अधिक १५, फेरीला २९. फायटरचा अॅक्शन सर्ज (एका पाळीत दुप्पट वार करू देणारी क्षमता) त्याच लढाईत एकदा: फेरीला २२.५. तिच्यापुढे तो फिकाच दिसणार.

तोच दिवस सहा लढायांचा करा, अठरा फेऱ्या. पॅलाडिनचे ६३ अठरांत वाटले की फेरीला साडेतीन. एकूण १७.६. फायटरचा अॅक्शन सर्ज मात्र शॉर्ट रेस्टला, म्हणजे छोट्या विश्रांतीला, परत येतो. मधे दोन शॉर्ट रेस्ट मिळाल्या तर दिवसात तीन वेळा. फेरीला १९.७. शस्त्र तेच, फासे तेच, क्रम उलटा झाला. वॉरलॉकचंही तसंच आहे: तिचे दोन स्लॉट शॉर्ट रेस्टला भरतात, आणि तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने टाकलेला हेक्स एकाग्रता टिकली तर आठ तास चालतो.

मग उपाय काय केला? सेशन आणि दिवस वेगळे केले. आमचा एक 'दिवस' आता तीन रविवार चालतो. लाँग रेस्ट, म्हणजे सगळं भरून देणारी रात्रभराची झोप, फक्त गावात किंवा सुरक्षित छावणीत. रविवारी निघताना प्रत्येकजण उरलेले स्लॉट, हिट पॉइंट, अॅक्शन सर्ज वापरला की नाही, हे एका चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे देतो आणि मी त्या एका पाकिटात ठेवते. पाकीट जरुरीचं आहे. गणपतीत परळ-लालबागला येणं-जाणं अवघड म्हणून आमचे दोन रविवार बुडाले, आणि त्याआधी चिठ्ठ्या लिहिल्या नव्हत्या. परत बसलो तेव्हा पहिला अर्धा तास कोणाचे किती उरले होते यावर गेला.

शॉर्ट रेस्ट एक तासाची आणि लाँग रेस्ट आठ तासांची हे नियम मी बदलले नाहीत. गाइडमध्ये ग्रिटी रिअॅलिझम नावाचा पर्याय आहे, शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. तो आम्ही चाचपून पाहिला, पण त्यात आठ तास चालणारे स्पेल मार खातात आणि वॉरलॉक नाराज झाली. तिचं म्हणणं मला पटलं.

एक गोष्ट नक्की करा: हा बदल आधी सांगून करा. पॅलाडिनला न सांगता दिवस लांबवलात तर ती पहिल्याच लढाईत सगळं जाळेल आणि उरलेले दोन रविवार रिकामी बसेल. मी तिला आकड्यांसकट समजावलं. ती म्हणाली, "अगं, मग मी स्माइट क्रिटिकलसाठी राखते." आणि तेच बरोबर होतं, क्रिटिकलला स्माइटचे फासेही दुप्पट पडतात.

बदलानंतर

पहिल्या लांब दिवसाच्या शेवटी, तिसऱ्या रविवारी, पुलाखाली ट्रोल होता. आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ८४, आणि दर पाळीला १० परत भरून घेणारा. पॅलाडिनकडे पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट उरला होता, तो पहिल्या फेरीत गेला. वॉरलॉकचे किरण लागत होते, चोर दोन तलवारी घेऊन फायटरच्या बाजूला उभा होता. फायटरचा अॅक्शन सर्ज शॉर्ट रेस्टला परत आलेला. तिसऱ्या फेरीत त्याने चार वार केले, तीन लागले, ट्रोल शून्यावर. आणि शून्यावरचा ट्रोल पुढच्या पाळीला परत उठतो, जर मधे आग किंवा आम्ल लागलं नाही तर. चोराने एक तलवार खाली टाकली, पुलाच्या कठड्याला खोचलेली पेटती मशाल उपसली आणि मारली. मशालीच्या वाराचं नुकसान एक. त्या पूर्ण दिवसात सगळ्यात जास्त किंमत त्या एका पॉइंटची होती, आणि टेबलावर चौघंही उभे राहिले होते.

आता आम्ही सातव्या लेव्हलवर आहोत. सहाव्याला फायटरला गुण वाढवायची जादा संधी मिळाली, ताकद २० झाली, आणि या वेळी दोन्ही रकाने मी शेजारी बसून खोडून घेतले. अकराव्या लेव्हलला फायटरला तिसरा वार मिळतो आणि पॅलाडिनच्या प्रत्येक वाराला स्लॉट न जाळता १डी८ जादा लागायला लागतो, त्यामुळे तिथे वरचे सगळे आकडे नव्याने मांडावे लागतील. तुमचं टेबल त्या लेव्हलवर असेल तर माझे पाचव्या लेव्हलचे आकडे तसेच उचलू नका, माप तेच ठेवून आपले मांडा.